बारा क्रियापदांचं पाणी

त्या वर्षी तमिळ पंचांगातला आनी महिना अर्धा सरला तरी कावेरीचं पाणी आलं नव्हतं. सुंदरपेरुमाळ कोयिल या गावातल्या माणसांनी आधी आभाळाला नावं ठेवली, मग नदीला. दोघांनाही ऐकू जात नाही असं दिसल्यावर ती निमूट आपापल्या विहिरींकडे वळली. भाताचा तरवा टाकून बसलेल्यांना दुसरं करण्याजोगं काही नव्हतंच. नदी येईस्तोवर रोपं जगवायची, मग लावणी. रोपं मेली तर मागाहून नदी येऊनही वर्ष गेल्यातच जमा.

एकोजीच्या आणि सुब्रह्मण्याच्या शेतांना मिळून एकच विहीर होती. एकोजी मराठा. त्याचा आजा तंजावरच्या राजवाड्यात घोड्यांच्या पागेवर होता. राज्य खालसा झालं, पागा मोडली, आणि बापानं इथं येऊन नांगर धरला. घरात मराठी, उंबरठा ओलांडला की तमिळ. सुब्रह्मण्य इथलाच, पिढ्यान्‌पिढ्यांचा. दोघांच्या बांधावरच्या त्या विहिरीवर एत्तम बसवलेलं होतं: उंच खांबावर आडवी तुळई, तुळईच्या टोकाला लांब बांबू, बांबूला लोखंडी बादली. तुळईवर गडी चढायचा. तो विहिरीकडे चालत गेला की बादली खाली, मागं चालत आला की वर. काठावरच्यानं बांबूला दिशा द्यायची आणि भरलेली बादली चरात उपडी करायची. सकाळी एकोजीची पाळी, दुपार कलल्यावर सुब्रह्मण्याची.

कुणाच्या किती बादल्या, हे गाणं ठरवायचं. एकशे आठ ओळींचं गाणं, दर ओळीत एक आकडा आणि एक देव. ओळीला बादली. चार आवर्तनं झाली, म्हणजे चारशे बत्तीस बादल्या झाल्या, की पाळी संपली. गाणं म्हणण्याचं काम बारा वर्षं एकोजीच्या बायकोकडे, भवानीकडे होतं. आपल्या पाळीला ती बादली ओतता ओतता म्हणायची, सुब्रह्मण्याच्या पाळीला काठावर बसून म्हणायची. मध्ये कुणी साप निघाला म्हणून ओरडलं तरी तिची ओळ चुकत नसे. तिची मोजणी कधी कुणी तपासली नाही. तपासणं हाच अपमान झाला असता.

अशा दिवसांत एकोजीला इंग्रजीचं खूळ लागलं. खूळ हा गावाचा शब्द. खरं तर पाटाच्या नव्या दारावर लस्कर, म्हणजे दाराचा राखणदार, नेमायचा होता. दार उघडायचं, बंद करायचं, गाळ काढायचा, आणि दिवसभर काय केलं ते रोज इंग्रजीत चार ओळी लिहून कुंभकोणमच्या कचेरीत धाडायचं. पहिल्या तीन कामांना गावात पन्नास माणसं मिळाली असती. चौथ्यासाठी एकोजी तेवढा होता, कारण त्याला अक्षरं येत होती. छत्तिसाव्या वर्षी त्यानं कुंभकोणमला चंद्रमौली मास्तरांच्या ओसरीवर जाऊन पाय धरले.

मास्तर बोलायला फटकळ. त्यांनी एक कागद लिहून दिला आणि म्हणाले, "हे बघ, इंग्रजीत क्रियापदांच्या दोन जाती. एक सरळ चालीची, एक वाकड्या. वाकड्यांच्या वाटेला तू जाऊ नकोस. ही बारा सरळ आहेत. यातलं एक नीट चालवता आलं की सगळी चालतात. ओव्हरसियर दोन आठवड्यांनी शुक्रवारी सकाळी नऊला उमेदवार बघणार आहे. तो याच्या बाहेरचं विचारायचा नाही."

कागद घरी आला. पण वाचायला वेळ कुठला? सकाळी तुळई, मग कुदळ, मग बैल, आणि संध्याकाळी कागद हातात धरला की एकोजीची मान पुढं यायची. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी भवानीनं विचारलं, "त्यात लिहिलंय तरी काय? म्हणून दाखवा की."

एकोजीनं म्हणून दाखवलं. "आय वॉटर. दाऊ वॉटरेस्ट. ही वॉटर्स. वी वॉटर. यू वॉटर. दे वॉटर."

"म्हणजे काय?"

"मी पाणी घालतो. तू घालतोस. तो घालतो. मग आम्ही, तुम्ही, ते. पुढं काल घातलं त्याचे सहा, उद्या घालीन त्याचे सहा."

भवानीनं हातातलं सूप खाली ठेवलं. तिला अक्षर ओळखीचं नव्हतं, पण कानात पडलेलं ती सोडत नसे. तिनं सगळा कागद म्हणवून घेतला, पुन्हा, मग तिसऱ्यांदा. मग तिला प्रश्न पडायला लागले. भवानीला एकदा प्रश्न पडायला लागले की समोरच्याची सुटका नसे.

"तो एकटाच शेपूट का लावतो? बाकीचे सगळे वॉटर, आणि तो वॉटर्स?"

"ते असंच आहे."

"शरी, बरं. आणि मी म्हणाले तर? बाई म्हणाली तर काय होतं?"

"तेच. आय वॉटर."

"आणि काल घातलं तर?"

"आय वॉटर्ड. बाप्या म्हणो, बाई म्हणो."

भवानीनं मनाशी ताडून बघितलं. मी गेलो, मी गेले. आपल्या बोलीत तोंड उघडलं की कोण बोलतंय ते कळतं. तिकडं कळतच नाही. तिला हसू आलं, आणि का कोण जाणे, बरंही वाटलं.

"आणि हे दाऊ कुणाला म्हणायचं?"

"मास्तर म्हणाले, आता कुणालाच नाही. देवाला म्हणतात. बाकी सगळ्यांना यू."

"बायकोला?"

"यू."

"बैलाला?"

"त्यालाही यूच असणार."

"अय्यो, मग देवालाच तेवढं एकटं पाडलं म्हणायचं," भवानी म्हणाली आणि चिंचोके मांडायला बसली.

चिंचोके अशासाठी की तिच्या डोक्यात काहीतरी घोळत होतं. एका क्रियापदाचे आजचे सहा, कालचे सहा, उद्याचे सहा, मिळून अठरा. अशी बारा क्रियापदं. तिनं ओळी लावल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या. दोनशे सोळा. गाण्याची दोन आवर्तनं. कागद दोनदा म्हटला की चारशे बत्तीस, पुरी पाळी. एक कमी नाही, एक जास्त नाही.

"देवानंच जमवून दिलंय," ती म्हणाली. "उद्यापासून आपल्या पाळीला गाण्याऐवजी हेच म्हणायचं. मी एक म्हणायची, तुम्ही मागून म्हणायचं. पाण्याचं पाणी, अभ्यासाचा अभ्यास."

दुसऱ्या दिवशी तिनं अलमेलूला सांगून टाकलं. अलमेलू, सुब्रह्मण्याची बायको, कडेवर घागर घेऊन उभी होती. तिनं ऐकून घेतलं आणि खांदे उडवले. "अक्का, मोजणी तुझी. तू इंग्रजीत मोज नाहीतर माकडाच्या भाषेत मोज. चारशे बत्तीस झाल्याशी कारण." त्या दोघी आपसात तमिळमध्ये बोलत.

झालं. सूर्याची कड दिसली की एकोजी तुळईवर चढायचा आणि भवानी बांबूला हात घालायची. "आय लिफ्ट." वरून उत्तर यायचं, "आय लिफ्ट." बादली वर. "दाऊ लिफ्टेस्ट." पुन्हा बादली. पाण्याचं वजन खांद्यातून पाठीत उतरायचं, तळव्याला बांबूची साल लागायची, चरातून पाणी खळखळत वाफ्याकडे जायचं, आणि त्यावर हे परकं गाणं. रस्त्यानं जाणारे थबकायचे. कुणी म्हणे एकोजीला वारं लागलंय. एका म्हाताऱ्यानं तर हात जोडले, त्याला वाटलं कसलंसं स्तोत्र आहे.

एकोजी अडखळायचा, ते साहजिक होतं. 'ओपन्ड'ला तो 'ओपनेड' म्हणायचा. 'दाऊ विल्ट'पाशी त्याची जीभ हटकून अडायची. मग भवानी खालून म्हणायची, "चुकलं, पुन्हा." तीच ओळ पुन्हा. कधी तीनदा. पाचव्या-सहाव्या दिवशी तर तो सपासप म्हणायला लागला, पण हौसेनं आपणच मागं जायचा, "थांब, ते कालचे सहा परत घेऊ." भवानीला मजा वाटायची. तिला स्वतःला बाराच्या बारा केव्हाच पाठ झाली होती आणि ती झोपेतसुद्धा कुणाला पाणी घालत होती, कुणाचं दार उघडत होती.

इकडे दुपारी मात्र काही ठीक नव्हतं. सुब्रह्मण्याच्या पाळीला भवानी काठावर बसून जुनं गाणं म्हणायची. तीन आवर्तनं सुरळीत व्हायची, आणि चौथं कुठं विसाव्या-तिसाव्या ओळीला आलं की बादली तळाला खरडायची. वर यायचा तो चिखल. सुब्रह्मण्य तुळईवरून उतरायचा, विहिरीत वाकून बघायचा.

"झरे बसले," तो म्हणायचा. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

अलमेलू वाफ्याच्या कडेनं चालत जायची. चराच्या तोंडाशी रोपं हिरवी होती, पण पलीकडच्या टोकाला पाणी पोचत नव्हतं. तिथली पात गुंडाळायला लागली होती, टोकं तांबूस झाली होती. अलमेलू खाली बसून एकेक पात बोटानं उलगडायची आणि ती परत गुंडाळायची.

सगळ्यांनी उन्हाळ्याला दोष दिला. भवानीनंही दिला. पण तिच्या मनात एक कुसळ राहिलं. झरे बसले असते तर पाणी रोज थोडं थोडं कमी व्हायला हवं होतं. ते रोज चौथ्या आवर्तनाच्या सुरुवातीलाच का संपतं? आणि मागच्या महिन्यात, ऊन इतकंच असताना, दोघांचीही चारही आवर्तनं कशी पुरत होती? ती दोन दिवस याच्यामागं लागली. आठव्या दिवशी, गुरुवारी, सकाळच्या पाळीला तिनं कमरेला चिंचोक्यांची चंची बांधली. तोंडानं इंग्रजी चालू, आणि दर बादलीला एक चिंचोका पायाशी. एकोजी वर आपल्याच नादात होता. परीक्षा दुसऱ्या दिवशी होती.

कागद दोनदा म्हणून झाला. एकोजी जेवायला गेला. भवानीनं चिंचोके पदरात गोळा केले आणि पडवीत मोजले. पाचशे तेरा. पुन्हा मोजले. पाचशे तेरा. तिसऱ्यांदा दहा-दहाचे ढीग घातले, तरी तेच.

मग तिला कळलं. चुकलेली ओळ पुन्हा म्हटली तर कागदावर ती एकच ओळ असते, पण तुळईवरचे पाय थांबलेले नसतात. दर 'पुन्हा'ला एक बादली वर आली होती. जुन्या गाण्यात कुणी कधी चुकत नव्हतं, म्हणून ही भानगड कधी उद्भवलीच नव्हती. बारा वर्षं जिच्यावर विहीर सोपवली होती तिनंच रोज ऐंशी-ऐंशी बादल्या शेजाऱ्याच्या वाटणीच्या उपसल्या होत्या, आणि वर दुपारी काठावर बसून त्यांच्यासाठी गाणं म्हटलं होतं. तिला लाज वाटली, भीती वाटली, आणि उद्या शुक्रवार आहे हेही त्याच क्षणी आठवलं.

दुपारी ती काठावर बसली. सुब्रह्मण्य वर, अलमेलू बादलीला. चौथ्या आवर्तनाच्या सत्ताविसाव्या ओळीला चिखल आला. तीनशे एक्कावन्न. ती मनात हिशेब करत नव्हती, तो आपोआप झाला. एक्क्याऐंशी कमी.

"उद्या सकाळपर्यंत पलीकडचं टोक राहतंय की जातंय, देव जाणे," सुब्रह्मण्य घाम पुसत म्हणाला. "उद्या पाणी पोचलं तर राहील."

देवावर सोडून गप्प बसणं सोपं होतं. परवा सांगितलं असतं तर तिला आजच माहीत होतं हे कुणालाही कळलं नसतं. उद्या एकोजी परीक्षेला गेला असता, लस्कर झाला असता.

"झरे बसलेले नाहीत," भवानी म्हणाली. "तुमचं पाणी आम्ही काढलं." आणि तिनं सगळं सांगितलं, चिंचोक्यांसकट.

अलमेलूनं हातातला बांबू सोडला नाही. "आठ दिवस," ती म्हणाली. "मी ती पात उलगडत बसत होते आणि तू बघत होतीस."

"होय."

विहिरीवरचा रिवाज तिघांनाही माहीत होता. ज्या हातांनी काढलं त्याच हातांनी भरून द्यायचं. सूर्य दिसल्यावर बादली सोडायची, त्याच्या आधी बांबूला हात नाही. आणि पाळी पुरी होईस्तोवर तुळईवरून उतरायचं नाही. सुब्रह्मण्य म्हणाला, "सकाळी या," आणि पंचा खांद्यावर टाकून निघून गेला.

एकोजीला तिनं जेवणं झाल्यावर सांगितलं. आधी त्याला वाटलं ती थट्टा करतेय. मग तो उठून उभा राहिला.

"आजच सांगायचं होतं? एक दिवस तोंड बंद ठेवलं असतंस तर काय बिघडत होतं?"

"त्यांचा तरवा बिघडत होता."

"आणि माझं? वरनं म्हणून म्हणून जीभ झिजली माझी. तुझ्या नादानं झिजली. तूच म्हणालीस, पाण्याचं पाणी, अभ्यासाचा अभ्यास."

"मीच म्हणाले," भवानी म्हणाली. "चूक माझीच आहे. पण पाणी तुमच्या पायांनी आलंय, ते माझ्या एकटीनं परत जायचं नाही."

त्यानं कागद घडी घालून आढ्याच्या फटीत खोचला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. भवानीला वाटलं, हा पहाटेच उठून कुंभकोणमची वाट धरणार. धरली तर आपण अडवायचं नाही, असं तिनं ठरवलं. कसं अडवणार? त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं.

सकाळी ती विहिरीवर पोचली तेव्हा एकोजी खांबाला टेकून उभा होता. धुवट धोतर, कपाळाला गंध, परीक्षेला जायचे कपडे. सूर्याची कड वर आली तसा तो वर चढला.

"लोकांच्या पाण्याच्या दारावर बसायला निघालोय," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "आणि शेजाऱ्याचं पाणी बुडवून जायचं कसं..." पुढचं त्यानं गिळलं आणि चालायला लागला.

भवानीनं जुनं गाणं धरलं. अलमेलू तिच्या शेजारी येऊन उभी राहिली, हाताची घडी घालून, आणि दर ओळीला बोट मिटत राहिली. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिची मोजणी तपासत होतं. भवानीनं मान वर केली नाही. ओळ, बादली. ओळ, बादली. पाणी सुब्रह्मण्याच्या चरातून गेलं, हिरव्या रोपांतून पुढं सरकलं आणि दुसरं आवर्तन संपता संपता त्या तांबूस टोकाला पोचलं. सुब्रह्मण्य तिथं फावडं घेऊन उभा होता. त्यानं बांध फोडला, पाणी पसरू दिलं. रुळांवरून कुंभकोणमकडे जाणारी गाडी शिटी घालत गेली. एकोजीनं तिच्याकडे बघितलं नाही, पण त्याची पावलं क्षणभर अडखळली, बादली हिंदकळली. भवानीच्या पायावर पाणी सांडलं. अलमेलूनं मिटायचं बोट मिटलं नाही. "ही अर्धीच आली," ती म्हणाली. भवानीनं तीच ओळ पुन्हा म्हटली.

चारशे बत्तीस झाल्या तेव्हा ऊन डोक्यावर येत होतं. एकोजी उतरला, धोतराचा चिखल झटकला आणि तसाच पायी कुंभकोणमला गेला. तो तिन्हीसांजेला परत आला. ओव्हरसियर दहालाच उठून गेला होता. दारावर तिरुप्पनंदाळकडचा कुणी पोरगा नेमला गेला होता.

"मास्तर काय म्हणाले?" भवानीनं विचारलं.

"म्हणाले, बाराच्या बारा आली का? म्हटलं, आली. म्हणाले, मग झालं, पुढच्या दारापर्यंत विसरू नकोस." त्यानं पाय धुतले. "पुढचं दार केव्हा बांधणार ते त्यांनाही माहीत नाही."

तो रागावलेला होता की दमलेला होता ते तिला ओळखता आलं नाही. तिनं ताट वाढलं. तो जेवला, आणि दोनदा भात मागून घेतला.

त्याच संध्याकाळी अलमेलू पडवीच्या पायरीपाशी येऊन गेली होती. आत आली नाही. "अक्का, पात उलगडली," ती म्हणाली. आणि जाता जाता म्हणाली, "उद्यापासून गाणं मी म्हणते. दोन्ही पाळ्यांना." भवानीनं मान हलवली. अलमेलू गेल्यावर ती चुलीपुढं बसून रडली. गाण्याचं काम सासूनं मरताना तिच्या हाती दिलं होतं, आणि ते तिच्या हातून गेलं होतं. उरलेलं पाणी दोन दिवस एकेका आवर्तनानं फेडायचं होतं. ते सोपं होतं.

शनिवारी सकाळी एकोजी तुळईवर चढला, भवानी बांबूपाशी उभी राहिली, आणि काठावर, भवानीच्या जागी, अलमेलू बसली. अलमेलूचा आवाज जाडा, पण ओळ पक्की. पहिली बादली, दुसरी बादली. भवानीचे ओठ सवयीनं हलत होते. विसाव्या ओळीला तिच्या ध्यानात आलं की आपण म्हटलं काय आणि न म्हटलं काय, बादल्यांना त्याचं काही नाही. बारा वर्षांत विहिरीवर तिचं तोंड पहिल्यांदा रिकामं होतं.

पहिलं आवर्तन तिनं तसंच जाऊ दिलं. मग खालच्या आवाजात, अलमेलूच्या गाण्याला धक्का न लावता, ती वर बघून म्हणाली, "अहो, मोजणं याला काय म्हणतात?"

एकोजी चालत विहिरीकडे आला, मागं गेला. "काउंट," तो म्हणाला. "कागदावर नाही ते. कचेरीत एकजण उमेदवारांचे अर्ज मोजत होता, त्याच्या तोंडून ऐकलं."

"सरळ चालीचं आहे की वाकड्या?"

"मला काय माहीत?"

भवानीनं एक बादली ओतली, दुसरी ओतली. तिसरी खाली जात असताना ती सावकाश, चाचपडत म्हणाली, "आय काउंट. दाऊ काउंटेस्ट. ही काउंट्स." मग थोडी थांबली. "आय काउंटेड. दाऊ काउंटेड्स्ट. ही काउंटेड."

तुळई मध्येच थांबली. एकोजी वरून वाकून तिच्याकडे बघत होता. अलमेलूचं गाणंही थबकलं.

"हे तुला कुणी शिकवलं?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही," भवानी म्हणाली. "चला मागं. बादली भरलीय."